कागदावर कप ठेवणाऱ्या साहेबांना



या पत्रात मी तुमचं नाव लिहिणार नाही, कंपनीचंही नाही. तुम्हाला स्वतःला ओळखायला एवढं पुरे आहे: मे महिना, नागपूरच्या वर्धा रोडवरची इमारत, चौथा मजला, अकाउंट्स असिस्टंटची जागा, आणि तुमच्या टेबलावर माझा अर्ध्या पानाचा कागद. तो मी दोन्ही हातांनी तुमच्यापुढे धरला. तुम्ही घेतला, पहिली ओळ वाचली, टेबलावर ठेवला. मग चहा आला आणि कप तुम्ही त्या कागदावर ठेवला. पुढची वीस मिनिटं मी तुमच्याकडे बघत नव्हते, असं तुम्ही नंतर कुणाला तरी म्हणालात. खरं आहे. मी कपाकडे बघत होते. तुम्ही तो उचललात तेव्हा तिसऱ्या ओळीवर गोल डाग उमटला होता.

त्या कागदावर काय होतं ते तुम्ही पूर्ण वाचलं नाही, म्हणून इथे पुन्हा लिहिते. मी ऑटिस्टिक आहे. माझं काम नीट व्हावं म्हणून मला चार गोष्टी लागतात. एका वेळी एकानेच प्रश्न विचारावा, आणि प्रश्न लांबलचक असेल तर कागदावर लिहून द्यावा. कूलरला लागून बसायची जागा नको. काम करताना कानात फोमचे बोळे घालू द्यावेत. आणि कामात काही बदल तोंडी सांगितला तर मागाहून दोन ओळींचा मेसेज टाकावा. संपलं. यातली एकही गोष्ट पगारात धरायची नव्हती. बोळे माझे मीच आणते.

हे अर्धं पान लिहायला मला तीन आठवडे लागले. घरात त्यावरून रोज वाद. आई म्हणायची, ‘सांगू नको बाई तू काही. पहिले ऑर्डर हाती येऊ दे, मंग पाहू.’ आईचं चुकत नव्हतं. तिने माझ्या आधीच्या दोन नोकऱ्या पाहिल्या होत्या. तिथे मी काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी एकाच खोलीत सहा जण, तीन फोन आणि एक प्रिंटर. मी दर दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं दिवा बंद करून उभी राहायची. आठ महिन्यांनी मालक म्हणाले, ‘मुलगी हुशार आहे पण माणसात मिसळत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी जीवाच्या आकांताने मिसळले. हसायचं कधी, ‘जेवण झालं का’ विचारायचं कधी, समोरच्याच्या भुवयांकडे किती सेकंद पाहायचं, सगळं ठरवून करायची. संध्याकाळी घरी आले की बोलायला शब्द उरायचे नाहीत, अंधारात पडून राहायची. दीड वर्षात तब्येतीने हात टेकले.

म्हणून या वेळी सांगायचं ठरवलं. कधी सांगायचं, याला मात्र चांगली वेळ नसतेच, साहेब. अर्जात लिहिलं तर मुलाखतीचा फोन येत नाही. असे अकरा अर्ज माझ्याकडे तारखांसह नोंदलेले आहेत. मुलाखतीत सांगितलं तर काय होतं ते तुम्ही दाखवलं. रुजू झाल्यावर सांगितलं तर ‘लपवलं’ म्हणतात, आणि अडचण आल्यावर सांगितलं तर ‘बहाणा’. चारही दारांवर माणूस तुमच्यासारखाच बसलेला असतो, आणि प्रत्येक जण म्हणतो की पुढच्या दाराशी विचारा.

आता त्या दिवसाचं. मुलाखत अकराची होती. आदल्या दिवशी मी इंदोरा चौकातून मेट्रोने छत्रपती चौकापर्यंत येऊन, तिथून चालत तुमच्या फाटकापर्यंत जाऊन परत गेले होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी रस्ता नवा वाटू नये. मी साडेदहाला पोहोचले. तुम्ही आधी टेस्ट दिली. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट, टॅलीतलं बँकेचं खातं, आणि जुळत नसलेले 5,400 रुपये. तुमच्याकडचा मुलगा दोन दिवसांपासून ते शोधत होता, हे त्यानेच मला हळूच सांगितलं. मी आधी 5,400 ला 9 ने भागलं. निःशेष भाग गेला. फरकाला 9 ने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. हिशेबाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, पण घाईत आठवत नाही. मग मी शेवटी दोन शून्यं असलेल्या रकमांवर बोट फिरवत गेले. एका पार्टीला दिलेले 18,200 रुपये टॅलीत 12,800 पडले होते. आठ आणि दोन यांची अदलाबदल. घड्याळात अठरा मिनिटं झाली होती. तुम्ही ‘वा!’ म्हणालात. तुमच्या शेजारच्या मॅडमनी स्वतः येऊन ती नोंद पाहिली.

त्यानंतर मी कागद दिला. म्हणजे माझं काम तुम्ही आधी पाहिलं आणि माझं निदान नंतर कळलं. अठराव्या मिनिटाला मी तुम्हाला हवी होते. बाविसाव्या मिनिटाला नको झाले. मधल्या चार मिनिटांत माझ्या हातातलं काम बदललं नव्हतं.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं: ‘पण तुम्हाला पाहून तर वाटत नाही.’ काय वाटायला हवं होतं? माझ्या आईला हे ऐकून बरं वाटतं, म्हणून तिला मी काही म्हणत नाही, तुम्हाला म्हणते. पाहून वाटू नये यासाठी मी आयुष्याची पंचवीस वर्षं मोजली आहेत. मग तुम्ही विचारलंत, ‘सर्टिफिकेट खरंय ना? हल्ली काय काय ऐकू येतं.’ खोट्या अपंगत्व प्रमाणपत्रांच्या बातम्या 2024 मध्ये सगळ्यांनीच वाचल्या. ती पापं करणारे मोठ्या खुर्च्यांसाठी करत होते. त्यांची झाडाझडती वीस हजारांची नोकरी मागणाऱ्या मुलीच्या टेबलावर कशी येते? माझं प्रमाणपत्र मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळालं. त्यासाठी आपल्याकडे ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात, 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. त्यातल्या बऱ्याचशा लहान मुलाकडे बघून भरता येतील अशाच आहेत. मी लहानपणी हाक मारल्यावर वळून पाहायची का, हे सांगायला आईला सोबत न्यावं लागलं. तिने अडीच तास आठवून आठवून सांगितलं आणि बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडली, कारण तिला प्रत्येक उत्तर माहीत होतं.

तुमच्या शेजारच्या मॅडमनी प्रमाणपत्रावरचा मराठी शब्द मोठ्याने वाचला, ‘स्वमग्नता’. आणि त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही आपल्याच विचारात असता?’ त्यांना मी दोष देत नाही. शब्दच तसा आहे. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1911 साली वेगळ्याच आजाराबद्दल लिहिताना ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः, यावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घेतला. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी तो मुलांच्या बाबतीत वापरला, आणि आपण त्याचं सरळ मराठी करून टाकलं. स्वतःत मग्न. नोकरीच्या मुलाखतीत यापेक्षा घातक शब्द सापडणार नाही. ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई खिडकीबाहेर पाहत बसेल. उलट माझं घोडं अडतं ते सगळंच एकदम आत येतं म्हणून. तुमच्या खोलीत कूलरची मोटर घरघरत होती, खसच्या ताटीवरून पाणी टपकत होतं, ट्यूबलाइटचं एक टोक फडफडत होतं, मागे कुणीतरी स्टेपलर दाबत होतं, आणि तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात. तुमचे कान यातलं चार पंचमांश आपोआप बाजूला टाकतात. माझे टाकत नाहीत. त्या आवाजातून तुमचा प्रश्न वेचून काढायला मला चार-पाच सेकंद जास्त लागतात. तेवढा वेळ तुम्ही थांबला नाहीत. दर वेळी प्रश्न पुन्हा विचारलात, दर वेळी वेगळ्या शब्दांत, आणि मला पुन्हा पहिल्यापासून वेचायला लावलंत.

मग तुमचं ते वाक्य, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. ‘हे पहा, इथं सगळ्यांना सारखाच नियम. थोडं तर तुम्हालाच अ‍ॅडजस्ट करावं लागेल नं.’

अ‍ॅडजस्ट. साहेब, तुमच्याकडे मी टेस्टसाठी आणि नंतर वाट पाहत मिळून दोन तास बसले. जे दिसलं ते सांगते. कोपऱ्यातल्या काकांना शुगर आहे. ते साडेबाराला डबा उघडतात, बाकीचे दीडला. बरोबरच आहे. बुटीबोरीहून येणारी मुलगी बसच्या वेळेमुळे पंधरा मिनिटं उशिरा आली आणि कुणी मान वर केली नाही. एका ताईंच्या खुर्चीला पाठीसाठी वेगळी उशी बांधलेली होती. तुमचा स्वतःचा चष्मा टेबलावर होता, आणि तुमच्यासाठी स्क्रीनवरची अक्षरं मोठी केलेली होती. माझ्या टेस्टची शीट तुम्ही त्याच मोठ्या अक्षरांत उघडलीत. पारा 45 वर गेला म्हणून सगळ्यांसाठी कूलर लावलेला होता, त्याचं बिल कंपनी भरते. तुमचं ऑफिस एकमेकांना सांभाळून घेण्यावरच चालतं, आणि ते चांगलं आहे. त्यातली कुठलीच गोष्ट कुणाला अर्ज करून मागावी लागली नव्हती, कारण शुगर, पाठ आणि बस तुम्हाला कळतात. मी माझी गोष्ट नाव घेऊन, लिहून मागितली, तेव्हाच तुम्हाला ‘सगळ्यांना सारखा नियम’ आठवला.

मी कूलर बंद करा म्हटलं नव्हतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्या माणसाला मीही कामावर घेणार नाही. मी जागा मागितली होती, दरवाज्याजवळची, जी रिकामी होती आणि जिथे वारा येत नाही म्हणून कुणालाच नको होती.

कायद्यात याला ‘रीझनेबल अ‍ॅकोमोडेशन’ म्हणतात, म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकता करता येतील असे आवश्यक बदल. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते 21 झाले आणि आम्ही त्यात आलो. 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे. सरकारी कार्यालयांवर कलम 20 ने या सोयी देण्याचं बंधन घातलं आहे, सरकारी नोकरीत ऑटिझमसह काही प्रकारांना मिळून 1 टक्का जागा राखल्या आहेत. तुम्ही खासगी आहात, त्यामुळे तुमच्यावर तेवढं बंधन नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण कलम 21 तुम्हालाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण तयार करून ते जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी ठिकाणी त्यात दिव्यांगांची निवड कशी करणार, त्यांना कोणत्या सोयी देणार, हेही लिहायचं असतं. तुमच्याकडे तीसच्या वर खुर्च्या मी मोजल्या. तुमच्या भिंतीवर ते धोरण नाही आणि वेबसाइटवरही नाही. हा कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. मला तो तुमच्याकडून वसूल करायचा नाही. तुम्ही धोरण लिहायला बसला असतात तर ‘उमेदवाराने सोय मागितली तर काय करायचं’ हा प्रश्न माझ्या आधी तुमच्यासमोर आला असता, आणि तुम्ही कपाऐवजी कागद उचलला असता.

सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा एक निकाल आहे, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याच्याकडे 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं. न्यायालयाने तो नकार रद्द केला. त्या निकालातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की सोय काय द्यायची हे त्या माणसाशी बोलून ठरवायचं असतं. बोलून. तुम्ही मला एकदाही विचारलं नाही की हे चार मुद्दे का लागतात, यातल्या दोनांवर भागेल का. भागलं असतं. पहिले दोन मिळाले असते तरी मी रुजू झाले असते.

तुम्ही माणूस पारखायचा अनुभव सांगितलात, वीस वर्षांचा. म्हणून एक अभ्यास सांगते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. ऑटिस्टिक माणसं काही सेकंदांतच लोकांना नकोशी वाटली. पण तीच वाक्यं फक्त लिहून वाचायला दिली तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे नापसंत झाली होती ती बोलण्याची ढब, बोलणं नव्हे. याच संशोधकांच्या नंतरच्या कामात असंही दिसलं की समोरचा ऑटिस्टिक आहे हे आधी सांगितलं, तर पाहणाऱ्यांचं मत सुधारतं, आणि ज्यांना ऑटिझमची नीट माहिती असते त्यांचं अधिक सुधारतं. मी याच भरवशावर तुम्हाला कागद दिला होता. माझं सांगणं पुरेसं नसतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय भरलंय यावर पुढचं ठरतं. त्याची तयारी मी तीन आठवडे घरी बसून करू शकत नव्हते, साहेब. ती तुमची होती.

आणि प्रश्न नेमके करण्याचा फायदा एकट्या माझा नाही. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलाखतीचे प्रश्न स्पष्ट, एकेक करून विचारले तेव्हा ऑटिस्टिक उमेदवारांची उत्तरं सुधारलीच, इतरांचीही सुधारली. तुम्ही विचारलंत, ‘स्वतःबद्दल सांगा.’ कुठून सांगू? जन्मापासून की एम.कॉम.पासून? मी गप्प राहिले. ‘मागच्या नोकरीत जीएसटीचं कुठलं काम केलं?’ असं विचारलं असतं तर मी पुरवठादाराने भरलेली बिलं जीएसटीच्या 2बी विवरणात कशी येतात आणि आपल्या खरेदीशी ती कशी जुळवायची, हे दहा मिनिटं सांगितलं असतं.

निघताना दारात तुम्ही मॅडमना म्हणालात, मला ऐकू आलं, कारण मला सगळंच ऐकू येतं: ‘बाकी ठीक आहे हो, पण उद्या काही झालं तर कोण पाहील?’ काय होणार होतं? हिशेबात 5,400 चा फरक मिटला असता. 2013 मध्ये सॅप या जर्मन कंपनीने ऑटिस्टिक माणसांना जगभर कामावर घ्यायचं जाहीर केलं, आणि त्याची सुरुवातीची चाचणी आपल्याच देशात, बेंगळुरूला झाली होती. तिथे ही माणसं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. कुणावर आभाळ कोसळलं नाही. तरी सगळीकडे उजेड आहे असंही मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2024 च्या बकलंड अहवालात दहा ऑटिस्टिक माणसांपैकी जेमतेम तीन नोकरीत असल्याचं नोंदवलं आहे. जिथे कायदे जुने आहेत तिथे ही गत. उरलेल्या सातांना काम येत नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं?

शेवटी तुमचा तो शब्द. ‘कळवतो. गुरुवारपर्यंत कळवतो.’ नागपुरात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात, ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’, हे मला भावाने नंतर समजावून सांगितलं. तुम्ही वार सांगितला होता. मी गुरुवारी सकाळी दहापासून फोन समोर ठेवून बसले. जेवताना ताटाशेजारी ठेवला. सहा वाजले तेव्हा वाटलं, ऑफिस सातपर्यंत असेल. पुढच्या गुरुवारीही बसले, कारण कोणता गुरुवार ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मग फोन केला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ चार वेळा. वडील काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात ते दोनदा मला सीताबर्डीच्या बाजारात घेऊन गेले, काही काम नसताना.

तोंडाला पानं पुसायची सवय तुम्हाला इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात खोटं बोललो असं तुम्हाला वाटलंही नसेल. मला वाटतं, ते खोटं होतं. ‘नाही’ हा शब्द मी झेलू शकते. अकरा वेळा झेलला आहे. तुम्ही तो म्हणायला घाबरलात आणि ती भीती माझ्या अंगावर टाकलीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात आणि वर्षभर त्रास देणाऱ्यांच्या नावाने जाळले जातात. मला तुमचा बडगा करायचा नाही. तुम्ही दुष्ट नाही. तुम्ही माझ्यासाठी पाण्याचा ग्लास स्वतः उठून आणला होतात, तेही मी विसरलेले नाही. म्हणूनच जास्त राग आहे. ज्याला तहान कळते त्याला हे कळणं अवघड नव्हतं.

परवा पेपरात तुमची जाहिरात पुन्हा पाहिली. तीच जागा, तोच पगार, अनुभव दोन वर्षं. म्हणजे माझ्याऐवजी घेतलेलं माणूस टिकलं नाही किंवा मिळालंच नाही. मी पुन्हा अर्ज केला आहे. ऑटिस्टिक असल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, आणि सोबत तोच अर्ध्या पानाचा कागद जोडला आहे, नवीन प्रिंट काढून. चारही मुद्दे तेच आहेत. दरवाज्याजवळची खुर्ची अजून रिकामी असेल तर तीच चालेल.

उत्तर मेसेजने द्या, फोनने नको. हो असेल तर तारीख आणि वेळ लिहा. नाही असेल तर ‘नाही’ एवढंच लिहा. येत्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मी पाहीन.

आपली,
अठरा मिनिटांत 5,400 शोधणारी उमेदवार